गाड्या पाहाले जातो!

गेल्या हिवाळ्यात वऱ्हाडातील एका गावी ज्येष्ठ नागरिकांसाठी ‘वार्धक्य आणि आरोग्य’ या विषयावर व्याख्यान होते. गावाचे नाव सांगत नाही आणि व्याख्यात्यांचेही सांगत नाही. माणूस सज्जन होता, अभ्यासू होता आणि त्याने प्रवासखर्चही घेतला नव्हता. मी शाळामास्तर, त्यातून दोनचार कादंबऱ्यांचा धनी. म्हणून आभार मानण्यासाठी मला व्यासपीठावर बसविले होते. मीठ झाले, साखर झाली, प्राणायाम झाला. मग व्याख्यात्यांनी श्रोत्यांनाच विचारले, ‘आपण फावल्या वेळात काय करता?’ कोणी भजन सांगितले, कोणी बागकाम, कोणी नातवंडे. पाचव्या रांगेतून एक गृहस्थ उठले. सत्तरी ओलांडलेली, अंगात इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. ते म्हणाले, ‘साहेब, मी ठेसनावर गाड्या पाहाले जातो.’

सभागृह हसले. व्याख्यातेही हसले. ‘अहो काका, हा काय छंद झाला? त्यापेक्षा आमच्या हास्यक्लबात या!’ पुन्हा हशा. ते गृहस्थ खाली बसले. मीही हसलो होतो. इतकेच नव्हे, तर आभार मानताना ‘आजचे व्याख्यान वेळेवर सुटले आणि वेळेवर पोचले, गाड्या पाहणाऱ्या काकांनी याची नोंद घ्यावी’ अशी एक कोटी करून मी टाळ्याही घेतल्या. हा लेख म्हणजे त्या कोटीचा दंड समजावा.

त्या रात्री मला झोप लागली नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. झोप उत्तम लागली. बोचणी लागली ती महिन्याभराने. एका लग्नाहून परतताना बडनेऱ्याला गाडी बदलावयाची होती. अमरावतीच्या गाडीला तास-दीड तास अवकाश होता, म्हणून मी फलाटावर रेंगाळत टोकापर्यंत गेलो. तेथे एका बाकावर चार म्हातारे बसलेले होते. त्यांच्याजवळ सामान नव्हते आणि त्यांना कोठे जावयाचेही नव्हते. हावड्याकडून गीतांजली आली, थांबली, निघून गेली. चौघांपैकी एकाने खिशातून वही काढून वेळ टिपली. दुसरा म्हणाला, ‘आज अजनीचं इंजिन हाय.’ तिसऱ्याने ते खोडून काढले, ‘डोये तपासून घे बाप्पा, भुसावळचं होतं!’ आणि त्यावरून जो वाद पेटला, तसा जिवंत वाद मी एखाद्या साहित्य संमेलनाच्या मांडवातही क्वचितच ऐकला आहे. चौथा कोळशाचे डबे मोजीत होता. पारसच्या वीजकेंद्राकडे जाणारी मालगाडी असावी. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मोजणी चालली होती ती चाकांच्या आवाजावरून. ‘अठ्ठावन,’ तो म्हणाला. मी उघड्या डोळ्यांनी मोजत होतो, माझे छप्पन्न भरले होते. कोण चुकले हे सांगावयास नकोच.

तेव्हापासून वर्षभर मी ही बाके पाहत आलो आहे: बडनेऱ्याची, अकोल्याची, मूर्तिजापूरची, अमरावतीची. या माणसांना रेल्वेचे वेड आहे, म्हणून ते सगळे रेल्वेतलेच असतील असे मला वाटले होते. तसे नाही. पेन्शनीत निघालेला एखादा गार्ड असतो, गँगमन असतो. पण जिनिंगमधला मुकादम असतो, तलाठी असतो, संस्कृतचे मास्तरही असतात. एका गृहस्थांनी हयातभर अडत्याच्या दुकानात कापसाचे वजन केले. यात नवल काही नाही. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला जाऊन पोचली ती वऱ्हाडच्या शेतांतून, आणि आमचा कापूस मुंबईच्या गोदीला पोचावा ही त्यामागची मोठी ओढ होती. गाडी आली कापसासाठी. पण तिच्या शिट्टीवर गावे उठू लागली, शाळा भरू लागल्या, गोठ्यात धारा निघू लागल्या. ज्या माणसाने सत्तर वर्षे एका आवाजावर दिवस मोजला, त्याला तो आवाज जवळून ऐकावासा वाटतो. एवढेच त्याचे वेड.

आता आरोग्याविषयी बोलू, कारण हशा झाला तो आरोग्याच्या नावाने झाला.

गाड्या पाहिल्याने रक्तदाब उतरतो किंवा साखर आटोक्यात येते, असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्याइतके माझे शिक्षण नाही. मी मॅट्रिकच्या पुढे गेलेलो नाही. परंतु बेरीज-वजाबाकी मला येते. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढील माणसालाही आठवड्याला दीडशे मिनिटे तरी मध्यम श्रमाची हालचाल करावयास सांगते. व्याख्यात्यांनीही हाच आकडा सांगितला होता. चोवीस डब्यांची गाडी उभी राहील असा फलाट अर्ध्या किलोमीटरहून लांब असतो. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाऊन-येऊन झाले की एक किलोमीटरच्या वर चालणे होते. आमचे बाकावरचे मित्र इंजिन पाहावयास एका टोकाला आणि गार्डाला राम राम करावयास दुसऱ्या टोकाला जातात. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते घर हे चालणे वेगळेच. ‘रोज चालत जा’ असे ज्यांना सुना-मुले पाच वर्षे विनवीत होती आणि जे पाच दिवसही चालले नाहीत, ते गाडीसाठी चालतात. गाडी कोणासाठी थांबत नाही, म्हणून ते वेळेवरही चालतात.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. बाकावरचा एक जण चार दिवस आला नाही, तर पाचव्या दिवशी तिघे त्याच्या घरी जातात. ‘काऊन जी, तब्बेत तं बरी हाय ना?’ हा प्रश्न विचारणारे माणूस सत्तरीच्या किती लोकांना आहे? मुलगा पुण्यास, मुलगी हैदराबादेस. दोघेही रोज फोन करतात आणि दोघांनाही रोज ‘बरा आहे’ एवढेच ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली माणसामाणसांतील संबंधांविषयी एक आयोग नेमला, एकटेपणाने माणूस आजारी पडतो हे गांभीर्याने घेऊन नेमला. जिनिव्हाला जे २०२३ साली पटले ते बडनेऱ्याच्या बाकाला केव्हाच ठाऊक होते. एका म्हाताऱ्याला मधुमेहामुळे अचानक घाम फुटून भोवळ आली, तेव्हा त्याच्या खिशात साखरेची पुडी असते हे शेजाऱ्याला माहीत होते. हे माहीत होण्यास त्याच बाकावर वर्षानुवर्षे बसावे लागते.

मग हसू का यावे? मी पुष्कळ विचार केला. आपण म्हाताऱ्याला विरंगुळ्याच्या दोनच जाती देऊ केल्या आहेत. एक पुण्याची आणि एक उपयोगाची. त्याने देवाचे नाव घ्यावे, नाही तर नातवाला शाळेतून आणावे. देवाशी माझे भांडण नाही आणि नातवंडांशी तर मुळीच नाही. परंतु ज्यात पुण्य नाही आणि घरच्यांचे काम होत नाही असे काही त्याने करावयाचे म्हटले, की ते आपणास चमत्कारिक दिसते. चार वर्षांचे पोर आगगाडी पाहून टाळ्या पिटते, तेव्हा आपण त्याला खेळण्यातली गाडी आणून देतो आणि ‘मोठेपणी इंजिनियर होणार’ म्हणून शेजारीपाजारी सांगतो. तोच आनंद सत्तरीत झाला तर तो पोरकटपणा. मधली पन्नास-साठ वर्षे गाडी ही केवळ पकडावयाची वस्तू आहे असे आपण ठरवून टाकले आहे.

अमरावतीकरांना तर याचा अधिक विचार करता आला पाहिजे. वैद्य बंधूंनी १९१४ साली येथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले, आणि शरीर कमावणे ही साऱ्या गावाची गोष्ट आहे हे या शहराने देशाला दाखवून दिले. पण आखाड्यात उतरणाऱ्याचा आनंद आम्ही विसरलो आणि शिस्त तेवढी लक्षात ठेवली. म्हाताऱ्यांच्या आरोग्याचे नाव निघाले की आम्हांस रांगा दिसतात, सतरंज्या दिसतात, शिट्टी फुंकणारा मनुष्य दिसतो. पहाटे बागेत वर्तुळ करून आज्ञा होताच हसणाऱ्या मंडळींना मी नावे ठेवीत नाही. त्यांना ते मानवत असेल. मात्र ज्याला शिट्टी ऐकावयाची आहे ती इंजिनाचीच, त्याला बळेच या वर्तुळात उभे करणे हा जुलूम आहे.

येथे मला माझ्याच लेखनातील एक खोट काढली पाहिजे. मी आतापर्यंत ‘म्हातारे’, ‘गृहस्थ’ असेच लिहीत आलो. बाकावर बाई नसते. परंतु कारंज्याकडील माहेर असलेल्या एक आजी मला ठाऊक आहेत. मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंतची शकुंतलेची सगळी स्टेशने त्या एका दमात म्हणतात. कोणत्या स्टेशनावर चिंच होती, कोठे पाण्याची टाकी होती आणि कोठे गार्ड खाली उतरून तिकिटे फाडीत असे, हे सगळे सांगतात. त्यांना कोणी रेल्वेचा छंद आहे असे म्हटले नाही. माहेराची आठवण आहे, एवढ्यावर वासलात लावली. त्या गाडीच्या वेळा त्यांनी पाठ केल्या, कारण भाऊ न्यावयास येणार तो त्याच गाडीने. आता भाऊही नाही आणि गाडीही नाही. मी त्यांना ‘आजी, एकदा स्टेशनावर चला’ म्हटले, तर म्हणाल्या, ‘मी कायले येऊ बाप्पा? बाईमानसानं ठेसनावर बसाव का?’ त्यांच्या सुनेने मला त्या दिवशी चहा दिला नाही. असो.

शकुंतलेचे नाव निघालेच आहे, तर तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

नवीन वाचकांना सांगावयास हवे, की शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरला मध्ये ठेवून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळ गाठणारी अडीच फुटी रुळांची गाडी. दोन्ही फाटे मिळून सुमारे १९० किलोमीटर. कापूस गोळा करण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थेखाली शंभर वर्षांपूर्वी ही लाईन पडली. स्वातंत्र्यानंतर बाकीच्या रेल्वे सरकारजमा झाल्या, तरी या रुळांची मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडेच राहिली आणि गाडी चालविली सरकारने. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले वाफेचे इंजिन तिला सत्तर वर्षे ओढत होते. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याला निवृत्त करून डिझेल जोडले. मी तेव्हा शाळेत होतो. गावची काही म्हातारी माणसे त्या दिवसांत उगाच भांडकुदळ झाली होती, एवढे मला आठवते. कारण समजावयास तीस वर्षे लागली.

ती गाडी ताशी वीस किलोमीटरच्या आतबाहेर चाले. तिच्या संथपणावर विनोद करून आमच्या पिढीने पोटे भरली. पण तो संथपणा कोणाच्या उपयोगाचा होता, हे त्या विनोदांत आले नाही. ज्याचे गुडघे गेले आहेत त्याला चढावयास वेळ देणारी ती गाडी होती. फलाटाला पूल नव्हता, म्हणून जिना नव्हता. डब्याची पायरी जमिनीजवळ होती. अंजनगावच्या म्हाताऱ्याला मूर्तिजापूरच्या दवाखान्यात जाऊन यावयाचे असेल, तर भाडे चहाच्या किमतीएवढे पडे, आणि डॉक्टरकडे जाणे हीच सहल होई. वाटेत पानपिंपरीचे मळे, संत्र्याच्या बागा, आणि समोर बसलेला माणूस कोण कोणाचा हे निघेपर्यंत दर्यापूरचे बनोसा येई. मागच्या दशकात प्रथम यवतमाळची फेरी थांबली, मग अचलपूरची. रूळ रुंद होणार, रुंद होणार असे आम्ही ऐकत आहोत. होवोत बापडे. रुंद रुळांना माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो या समजुतीला, की मधल्या काळात कोणाचे काही बिघडत नाही. तरुणाचे बिघडत नाही. तो मोटारसायकलला टांग मारतो. पंचाहत्तरीच्या माणसाला ‘दहा वर्षांनी गाडी येईल’ असे सांगणे म्हणजे गाडी येणार नाही असे सांगणे होय.

अकोल्याचीही हीच कथा. अकोला-खांडवा ही मीटरगेज लाईन अकोटवरून, वान रोडवरून, धूळघाटच्या वळणावरून सातपुडा चढत असे. गाडी तेथे डोंगराला वेढा घालून आपल्याच वाटेवरून पुन्हा वर येई. तो चमत्कार पाहण्यासाठी अकोल्याची हौशी मंडळी, तिकडे काहीएक काम नसताना, जाऊन-येऊन तिकीट काढीत. २०१७ च्या आरंभी ही वाट बंद झाली. अकोल्यापासून अकोटपर्यंत मोठ्या रुळांची गाडी सुरू होण्यास २०२२ चा नोव्हेंबर उजाडला. मेळघाटच्या वाघांसाठी पुढील वाट जंगलाबाहेरून न्यावी, असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. वाघ राहिला पाहिजे. त्या आणि या टोकाच्या मंत्र्यांनी, अधिकाऱ्यांनी आणि वनप्रेमींनी वाघाची बाजू मांडली, रुळांची मांडली, व्यापाराची मांडली. धूळघाटचे वळण पाहण्यासाठी खिडकीशी बसणाऱ्या म्हाताऱ्याची बाजू मांडावयास कोणी गेले नाही, कारण ती बाजू असते हेच कोणाच्या गावी नाही.

आणि पैशाचे काय? २० मार्च २०२० पासून रेल्वेने ज्येष्ठांची सवलत थांबविली. साठीपुढील पुरुषांना भाड्यात ४० टक्के आणि अठ्ठावन्नपुढील स्त्रियांना ५० टक्के सूट होती. साथीचे कारण होते. त्या वेळी ते योग्यही असेल. साथ गेली, सवलत परत आली नाही. प्रत्येक उतारूच्या तिकिटात सरासरी ४६ टक्के भार आम्ही सोसतोच, असे सरकारचे संसदेतील उत्तर. उत्तर खरे असेल. पण ते सगळ्यांनाच लागू आहे, मग त्यात म्हाताऱ्याला वेगळे काय मिळाले? तिकडे आपल्या एस. टी.ने २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढील माणसाला तिकीटच माफ केले आणि पासष्टीपासून निम्मे. तोट्यात चालणाऱ्या लाल गाडीला जे परवडले, ते रेल्वेला का परवडू नये? आमच्या एका मित्राने यावर दिलेले उत्तर असे: ‘मास्तर, येष्टी फुकट हाय म्हनून मी रोज येष्टीत बसू का? येष्टीले शिट्टी कुठी हाय?’

फलाटाचे तिकीट दहा रुपये आणि दोन तासांची मुदत. श्रीमंताला ही रक्कम दिसणारही नाही. रोज जाणाऱ्याला ती महिन्याची तीनशे पडते. ज्याचे पेन्शन नाही आणि जो औषधाच्या गोळ्या अर्ध्या करून खातो, तो तीनशे रुपये आगगाडी पाहण्यास देतो हे घरी समजले म्हणजे काय होते, हे मी पाहिले आहे. अकोल्यास २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस पारा ४५ च्या वर गेला आणि उन्हापायी जमावबंदी लावावी लागली. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्याला त्या दिवसांत फलाटाची उंच सावली, पंखा आणि पाण्याचा नळ यांची किंमत काय असते, हे वातानुकूलित कचेरीत बसून दहा रुपये ठरविणाऱ्याला सांगून कळणार नाही. साठीपुढील माणसाला फलाटाचा पास वर्षाला नाममात्र दरात द्यावा, एवढी साधी गोष्ट आहे. त्याने रेल्वेचे दिवाळे निघेल असे मला वाटत नाही.

मंडळींची बाजू घेतली म्हणून त्यांचे दोष झाकणार नाही. मधुमेह असलेला माणूस दिवसातून चार ठिकाणी ‘कमी साखरेचा’ म्हणून चहा पितो आणि तो कमी साखरेचा कधीच नसतो. भज्यांविषयी न बोललेले बरे. काही जण पूल चढण्याचा कंटाळा करून रूळ ओलांडतात. १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि विजेच्या इंजिनाची गाडी किती मुकाट्याने येते हे ज्यांनी वाफेच्या काळी कान तयार केले त्यांच्या ध्यानात येत नाही. मी यावर एकाशी भांडलो. तो म्हणाला, ‘माह्या गुडघ्याले सांग.’ पुलाला सरकता जिना नाही, उद्वाहक बंद आहे, आणि लघवीला दर तासाला जावे लागणाऱ्या माणसाचे मुतारीपर्यंतचे अंतर कोणी मोजलेले नाही. रूळ ओलांडू नये हे खरेच. परंतु ओलांडावेसे वाटू नये अशी व्यवस्था करणे हेही कोणाचे तरी काम आहे.

वेल्समध्ये टॅलिलिन नावाची एक चिमुकली रेल्वे आहे, पाटीच्या दगडासाठी काढलेली. ती मोडकळीस आली, तेव्हा १९५१ साली हौशी मंडळींनी ती आपल्या हातात घेतली आणि स्वतः खपून चालविली. तेव्हापासून त्या देशात अशा कितीतरी लहान रेल्वे उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यावर तिकिटे देणारे, रंग लावणारे, पितळ घासणारे पुष्कळसे हात पेन्शनरांचे असतात. तेथे त्यांच्या छंदाला कोणी हसत नाही. त्यांच्या हाती तेलाचा डबा देतात. आपल्याकडे दार्जिलिंगची गाडी युनेस्कोच्या यादीत १९९९ साली गेली, नीलगिरीची २००५ साली, सिमल्याची २००८ साली. आमच्या जवळ नागपूरला मोतीबागेत २००२ पासून छोट्या रुळांचे संग्रहालय आहे. मुलांना घेऊन मी तेथे गेलो आहे. इंजिने छान पुसलेली असतात. मूर्तिजापूर-अचलपूरच्या वाटेवर पाच-दहा मैलांचा तरी तुकडा राखून, तो चालविण्याच्या कामात गावातील जुन्या माणसांना घेणे अशक्य होते काय? वाफ धरणे, रूळ तपासणे, सांधे बदलणे हे हातांनी जाणणारी माणसे अजून आहेत. दर दिवाळीला त्यांतली काही कमी होतात.

माझ्याच व्यवसायबंधूंना शेवटी दोन शब्द. शकुंतला बंद झाल्यावर आम्हा लेखकांना जो गहिवर आला, त्यात मीही होतो. गंजलेल्या रुळांतील गवत, ओसाड स्टेशन, वाऱ्यावर हलणारा कंदील असे सगळे लिहून झाले. मूर्तिजापूरच्या कोणत्याही ओसाड फलाटावर तेव्हा कंदील नव्हता. मी तो कल्पनेने टांगला. छायाचित्रकार आले, संध्याकाळच्या उन्हात म्हाताऱ्याला रुळांवर उभे करून गेले. त्या म्हाताऱ्याला घरी कसे जाणार म्हणून एकानेही विचारले नाही. गाडी चालू होती तेव्हा आम्ही तिच्यावर विनोद केले आणि मेल्यावर काव्य केले; चालू असताना तिकीट काढून तिच्यात बसलो किती वेळा, याचा हिशेब कोणी मागितला तर माझा आकडा सातच्या वर जाणार नाही.

सभागृहातले ते गृहस्थ मला पुढे भेटले. एका स्टेशनावर, बाकावरच. मी नाव सांगून बसलो, आणि क्षमा मागावी म्हणून शब्द जुळवीत होतो, तोच ते म्हणाले, ‘तुमी त्या दिवशी मस्त बोलले, मास्तर. लोक लय हासले.’ मला पुढे बोलवेना. त्यांनीच वही दाखविली. १९७९ पासूनच्या नोंदी होत्या: तारीख, गाडी, इंजिन, किती उशीर. पत्नी वारली त्या दिवशीचीही नोंद आहे. ‘घरी लय लोक होते,’ ते म्हणाले, ‘मी दहा मिंटं जाऊन आलो.’

त्या स्टेशनाचे नूतनीकरण चालू आहे. सावलीतले ते बाक काढून तेथे लोखंडी खुर्च्यांची रांग बसविणार होते. बाक निघाले, रांग बसली ती दुसऱ्याच टोकाला, उन्हात. मंडळींनी अर्ज करावयाचे ठरविले आणि अक्षर चांगले म्हणून मला लिहावयास सांगितले. मागणी एक बाकाची, सावलीत, नळाजवळ, पाठीला टेकू असलेला. खाली अकरा नावे आहेत. नऊ सह्या, एक डाव्या हाताचा अंगठा, आणि कारंज्याकडील माहेर असलेल्या आजींची सही, जी त्यांनी नातवाकरवी पाठविली. अर्ज मार्गशीर्षात दिला. पोच मिळाली आहे. बाक अजून आलेले नाही. सध्या मंडळी घरून सतरंजी आणतात, आणि गीतांजलीच्या वेळेला ती झाडून अंथरतात.